जवारीचा नंबर

आमच्या घरात पहिला मोबाईल 2004 साली आला. आदल्या वर्षीच येणाऱ्या फोनचे पैसे लागणं बंद झालं होतं, त्यामुळे अब्बांचा विरोधही मावळला होता. आम्ही मिरजेचे, तंबोरे-सतारी करणारे. गिऱ्हाईक दारात क्वचित येतं. पुण्या-मुंबईहून, धारवाड-बेळगावहून फोन येतो. म्हणून तो दहा आकडी नंबर आम्ही दुकानाच्या पाटीवर रंगवला, कार्डावर छापला आणि वाद्याला चिकटवायच्या लेबलावरही घातला. पाटी पुन्हा रंगवता येते. विकलेल्या तंबोऱ्यावरचं लेबल कोण बदलणार?

2009 च्या उन्हाळ्यात अब्बा आजारी पडले. दवाखान्याच्या धावपळीत मोबाईल खणात पडून राहिला. रिचार्जची मुदत संपली, वरचे सवलतीचे दिवसही संपले. जूनमध्ये आठवण झाली तेव्हा कार्ड बंद. कंपनीच्या गॅलरीत गेलो. काउंटरवरच्या मुलाने रेशनकार्डाची झेरॉक्स, फोटो आणि जुनी पावती घेऊन त्याच नंबरचं नवं कार्ड दिलं. संध्याकाळी फोन जिवंत झाला आणि लगेच वाजला. अब्बांनी उचलला.

"आबा, खत मिळालं का?" पलीकडून एक बाई विचारत होती.

अब्बांना वाटलं, पुण्याची आमची आपाच बोलतेय. म्हणाले, "कौन सा खत, बेटी? पोस्टमन तो आयाच नहीं."

घरात हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन बंद झाला तेव्हा मात्र हसू आलं नाही. आम्ही शेजारच्या दुकानातून आमचाच नंबर लावला, तर एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. "ह्यो माझा नंबर हाय. मंगळवेढ्याच्या बाजारात पैसं देऊन घेतलाय. कोण तुम्ही?"

झालं होतं ते असं. आमची मुदत संपल्यावर कंपनीने नंबर मोकळा धरून नव्या कार्डावर विक्रीला पाठवला होता. मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा हे टेलिफोनच्या हिशेबात एकच सर्कल, त्यामुळे मिरजेत मेलेला नंबर मंगळवेढ्यात जन्माला येऊ शकतो. आणि गॅलरीतल्या मुलाने पुढचं काही न बघता तोच आम्हाला परत दिला. नंबर कार्डात असतो असं आम्ही समजत होतो. तसं नसतं. कार्डाचा स्वतःचा निराळा क्रमांक असतो, आणि आपला नंबर कंपनीच्या नोंदवहीत त्या क्रमांकासमोर लिहिलेला असतो. नोंद बदलली की कार्ड नुसता प्लास्टिकचा तुकडा. आम्ही मिरजेत भांडलो की नोंद आमच्याकडे यायची, ते मंगळवेढ्यात भांडले की त्यांच्याकडे जायची. अर्ज दोघांचे, फोटो दोघांचे, पावत्या दोघांच्या. ऑगस्ट अखेरपर्यंत तो नंबर पाच वेळा इकडून तिकडे गेला.

नंबर तिकडे असताना आमच्या धंद्याचं काय होत होतं ते नंतर कळलं. घोडी घासून तारेचा आवाज खुलवायचा, याला आमच्यात जवारी काढणं म्हणतात. मंगळवेढ्याकडे जवारी म्हणजे जोंधळा, आणि तो भाग तर ज्वारीचं कोठार. पुण्याच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी फोन करून विचारलं, "जवारी काढून द्याल का? कधी आणू?" आबांनी उत्तर दिलं, "जवारी माघात निघती. आन तुम्ही कशाला आणताय? किती पोती पायजेत ते सांगा." बाईंनी घाबरून तंबोरा दुसरीकडे दिला.

आम्ही तेव्हा मात्र निराळ्याच गोष्टीने धास्तावलो होतो. मोहल्ल्यातले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "एक नंबर, दो नाम. कल कुछ हुआ तो किसके दरवाजे पे आएंगे? छोड दो." त्यांना हसण्याचे ते दिवस नव्हते. 2006 च्या जुलैत मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, सप्टेंबरात मालेगावात झाले, आणि फोन, कार्ड, कोणाच्या नावावर काय, हे शब्द आमच्या घरांतून हळू आवाजात बोलले जाऊ लागले. लोकलच्या खटल्यात 2015 साली शिक्षा झालेल्या 12 जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 ला निर्दोष ठरवलं, त्यांतला एकजण तोवर तुरुंगातच वारला होता. ते वाचताना आम्हाला ते गृहस्थ आठवले. आता आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते सरकारच्या संचार साथीवर घरबसल्या बघता येतं; तेव्हा फक्त काउंटरवरचा मुलगा होता, आणि त्याला विचारायचीच भीती.

खोटं कशाला सांगायचं, आम्ही आबांची चौकशीही करवली. आमचे भोपळे त्या भीमाकाठच्या भागातूनच येतात. भोपळेवाला म्हणाला, "माणूस सरळ हाय, तोंडाचा फटकळ." तेवढ्याने आमचं समाधान झालं नाही.

2 सप्टेंबरला मिरजेत दंगल उसळली. कमानीवरच्या चित्राचं निमित्त, गणपती बसलेले, आमचा रमजान चालू. संचारबंदी लागली. खिडक्या लावून, मिळेल त्यावर रोजा सोडत आम्ही घरात बसलो. नंबर त्या पंधरवड्यात मंगळवेढ्याला होता. थोरल्याच्या मुलाकडे एक नवा मोबाईल होता, पण त्याचा नंबर बाहेर कोणाला ठाऊक नव्हता आणि त्यात दीड रुपया शिल्लक होता. रिचार्जची दुकानं बंद. टीव्हीवर आमच्याच गल्ल्या दिसत होत्या. पुण्याची आपा, दोह्याचा धाकटा भाऊ, बेळगावचे मामू यांनी काय करावं?

संचारबंदी पहिल्यांदा दोन तास सैल झाली तेव्हा दहाचं रिचार्ज मिळालं. आपाला फोन लावला. ती शांत होती. "अरे, तुम्हारे दुकान के बुजुर्ग बोले ना, सब खैरियत से हैं. कौन हैं वो?"

दुकानात बुजुर्ग असे अब्बाच. आणि अब्बा समोर बसले होते.

आम्ही आमचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. "मिरजंचं का? समदी हायत का?" आम्ही हो म्हणालो. मग बराच वेळ काही आवाज नाही. मग, "बरं झालं. मी समद्यास्नी सांगून बसलोय बरी हायत म्हणून. मला खोटं पडायची येळ आली असती."

एकोणीस फोन आले होते. आबांनी नातवाच्या वहीत लिहून ठेवले होते: कोण, कुठून, काय म्हणाले. आधी 'राँग नंबर' म्हणून ठेवून देत होते. एक बाई रडायला लागली तेव्हापासून 'बरी हायत' म्हणायला लागले.

फसले ते एकदाच. धाकट्याने दोह्याहून दुपारी फोन केला. आबा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "सब ठीक हाय, आत्ताच जेवून झोप्या है." धाकटा गारठला. रमजानच्या भर दुपारी अख्खं घर जेवून झोपलं? त्याने विचारलं, "रोजे में?" आबा गप्प झाले. मग मराठीतच बोलले, "बाबा, मला काय बी ठाव न्हाई. तुझा आवाज ऐकून न्हाई म्हणवलं न्हाई." धाकटा सांगतो, त्या रात्री त्याला झोप लागली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा त्यांनाच फोन केला. दुसरं करायचं काय होतं?

ईदनंतर आम्ही आणि आबा मिळून सांगलीच्या ऑफिसात गेलो. बाहेर चहा पिताना आबा म्हणाले, त्यांच्या पुतण्यानेही त्यांना बजावलं होतं, मुसलमानाच्या नावावरचा नंबर हाय, टाकून दे, उद्या लफडं व्हईल. आम्ही मोहल्ल्यातल्या गृहस्थांचं सांगितलं. भोपळेवाल्याचं नाही सांगितलं.

साहेबांसमोर आबा म्हणाले, "त्यांचा नंबर आधीचा. मी सोडतो." साहेबांनी संगणकात पाहिलं. आमची मुदत संपली तेव्हाच आमचा हक्क संपला, आता नंबर आबांचा. आबांनी सोडला तर तो कंपनीच्या साठ्यात जाईल, तिथून कोणाला मिळेल हे सांगता येणार नाही. आम्हाला देण्याची सोय नाही. ज्या संगणकाने एक नंबर दोघांना देऊन दाखवला, त्याला तो एकाकडून दुसऱ्याला देता येत नव्हता!

"मग ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच," आबा म्हणाले. "ठावठिकाणा तरी ऱ्हाईल."

आम्ही नवा नंबर घेतला आणि आबांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिला. पुढं दहा वर्षं कोणी जवारीचं विचारलं की आबा आधी विचारायचे, "तारंची का रानातली?" तारेची असली तर आमचा नंबर सांगायचे. रानातली असली तर भाव सांगायचे. अब्बा गेले तेव्हा ते एसटीने आले. 2019 मध्ये आबाही गेले. लेक सासरी, पुतण्याचा स्वतःचा फोन. तो नंबर बंद पडला.

बंद पडलेला नंबर निदान 90 दिवस कोणाला देत नाहीत, मग देतात. गेल्या वर्षी एका जुन्या तंबोऱ्याच्या दुरुस्तीत आमचंच लेबल समोर आलं. सहज लावून पाहिला. एका मुलीने उचलला. म्हणाली, नागपूरला राहते, कॉलेजात शिकते. आम्ही माफी मागून ठेवणार, तोच तिने विचारलं, "काका, एक मिनिट. हे जवारी म्हणजे काय असतं? मला मधूनच फोन येतात."

आम्ही सांगितलं.

"मग तुमचा आत्ताचा नंबर द्या ना," ती म्हणाली. "थांबा, पेन घेते."