अक्षर माझं, मजकूर कुणाचा?

प्रकल्प ‘स्वतःच्या हस्ताक्षरातच’ आणावा, अशी सूचना कॉलेजात लागली की झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. गेल्या वर्षीची कुणाची तरी वही तिथे मिळते. नाहीतर पैसे घेऊन लिहून देणारा कुणीतरी असतोच. मग पोरं रात्र जागून तो मजकूर आपल्या हाताने उतरवून काढतात. मेहनत होते, बोटं दुखतात, डोक्याला मात्र सुट्टी. आम्ही मास्तर लोक पानं मोजतो, मुखपृष्ठाची नक्षी पाहतो आणि सही ठोकतो.

पर्यावरण अभ्यासाच्या तोंडी परीक्षेला नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा एक मुलगा समोर आला. वहीचा विषय : मुंबईतील ध्वनिप्रदूषण. मुंबई त्याने पाहिलेली नव्हती. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, त्यांतल्याच एका गावचा तो. वही मिटून विचारलं, “तुमच्याकडे पाणी कुठवर चढतं रे?” तेव्हा गडी बोलायला लागला. कुणाची शेतं गेली, कुठली वाट तुटली, आजारी माणसाला बोटीतून कसं न्यावं लागतं. अर्धं मराठीत, अर्धं पावरीत. यातलं एक वाक्यही वहीत नव्हतं. बरं, विषयांची छापील यादी त्याला कॉलेजनेच दिलेली.

नंदुरबार जिल्ह्यात दहांतले जवळपास सात लोक आदिवासी. घरात भिली, पावरी, मावची; मराठी भेटते ती शाळेत. घरातल्या पहिल्याच पदवीधराने लिहिताना कुणाची मदत मागितली, तर त्यात लाज कसली? पुण्यातल्या मुलाचा निबंध आई तपासते, बाबा मुद्दे काढून देतात, क्लासचे सर वाक्यं नीट करतात. त्याला कुणी ‘बाहेरची मदत’ म्हणत नाही. ती घरातली असते, एवढाच फरक.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं; ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण यंत्र साम्य मोजतं. पैसे मोजून कुणाकडून नवाकोरा प्रबंध लिहून घेतला, तर साम्य निघणार कुठून? इंग्लंडने २०२२ मध्ये असं लिहून देण्याचा धंदाच गुन्हा ठरवला, विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कायद्यात आरोपी केलं नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. मात्र प्राध्यापकीच्या पगारवाढीसाठी प्रबंध विकत घेणारा आणि धडगावचा तो पोरगा यांना एका तागडीत तोलायला मी तयार नाही.

त्याच २०१८ मध्ये आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव लागलं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. शेतात, घरकाम करताना त्या ओव्या म्हणत. कागदावर उतरवल्या त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. लिहिणारा हात दुसऱ्याचा, तरी गाणी कुणाची ही शंका आली नाही, आणि लिहून घेणाऱ्याचं नावही कुणी झाकून ठेवलं नाही. आमच्या वह्यांत नेमकं उलटं चालतं : हात विद्यार्थ्याचा, बोलणं कुणा तिसऱ्याचंच, आणि त्या तिसऱ्याचं नाव कुठेच नाही.

म्हणून माझी रेघ सोपी आहे. शुद्धलेखन कुणाकडूनही तपासून घ्या, वाक्यं सरळ करून घ्या, पावरीत सांगून मित्राकडून मराठीत लिहून घ्या. शेवटच्या पानावर त्याचं नाव टाका. पण जे वहीत आहे, ते वही मिटल्यावर सांगता आलं पाहिजे. न आलं तर गुण कापावेत, त्यात दयामाया नको.

आणि सहकारी प्राध्यापकांनो, यंदा ती छापील यादी वाटू नका. पोराला आधी त्याचं गाव विचारा, विषय तिथला द्या.