वाडीतलं ऊन

श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत पूर्वी ऊन खाली उतरत नसे. भर वैशाखात रस्त्यावरून बेड्याच्या आत पाऊल टाकलं, की डोळे सरावायला थोडा वेळ लागायचा. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरीच्या वेली, मधूनमधून केळी, आणि या सगळ्याच्या पोटात कौलारू घर. ओल्या पाटाचा, कुजणाऱ्या झावळ्यांचा आणि चुलीच्या धुराचा मिळून एक वास असे. समुद्र अगदी हाकेवर, पण तो दिसायचा नाही. नुसता ऐकू यायचा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि पिढ्यांची सावली एका दुपारीत गेली. माझ्या काकूच्या स्वयंपाकघरात, जिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागे, तिथे सकाळी उन्हाचा पट्टा पडू लागला. ओटीवरून समुद्र दिसायला लागला. येणारेजाणारे म्हणत, काय सुंदर दिसतो हो! काकूला तो दिसणं मुळीच रुचलं नाही. तिने त्या बाजूला झापांचा आडोसा बांधून घेतला.

ते टाळेबंदीचे दिवस होते. फोन बंद, वीज गेलेली. ती परत यायला पुढे कित्येक आठवडे लागले. ठाण्याहून दादा, म्हणजे तिचा मुलगा, पास काढून पोचला तेव्हा माजघरावर ताडपत्री होती आणि काकू भिजलेली सुपारी पडवीत पसरत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय पंचाहत्तरीच्या पुढे. दादा म्हणाला, "आई, आता पुरे." सुपारी वाळल्याशिवाय आपण हलणार नाही, असं तिने सांगितलं. पावसाळा तोंडावर असताना सुपारी कधी वाळणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग घराघरांत होते तशी बोलणी सुरू झाली. मुलांकडे कारणं तयार असतात: विहिरीचा काठ निसरडा, न्हाणीची पायरी उंच, रात्री छातीत दुखलं तर माणगाव गाठायचं की मुंबई, गॅस चालू राहिला तर काय. यातलं एकही खोटं नाही. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं, की माणूस पुन्हा पूर्वीसारखा उभा राहीलच असं नाही. काकूचा हिशेब मात्र वेगळा होता. जायफळं कोण वेचणार, देवाला दिवा कोण लावणार, गड्याला शिपण्याची पाळी कोण सांगणार. मुलं विचारत होती, इथे तुला काय होईल? ती विचारत होती, तिथे मी काय करू? दोन्ही प्रश्न एका दमात मांडले जात आणि दोघांनाही वाटे की समोरचा उत्तर टाळतो आहे.

मला या बाबतीत मुलांच्या मायेचा जरा संशय येतो, दोन्ही बाजूंनी. आईला घेऊन जाण्याची घाई पुष्कळदा स्वतःला शांत झोप लागावी म्हणून असते. आणि "आई गावीच रमते" हे वाक्य म्हणणाऱ्या काहींना फुकटचा राखणदार मिळालेला असतो. श्रीवर्धन-दिवेआगरच्या आळ्यांतून फिरताना बंद घरं ओळखू येतात. गणपतीत कुलूप निघतं, शिमग्याला निघतं, मधल्या काळात वाळवी राहते. चुलीचा धूर होता तोवर वासे टिकले. धूर थांबला की लाकूड पोखरू लागतं, कौलं सरकतात, आणि काही पावसाळ्यांत आढं खाली येतं. म्हातारं माणूस घरात आहे म्हणून घर उभं आहे, अशी कितीतरी घरं आहेत. तिथे आईची काळजी नेमकी कुठे संपते आणि जागेची कुठे सुरू होते, हे वाटे करणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार सगळं आलं आहे. निवास कुठला, हे ज्याचं त्याने भांडून ठरवायचं.

अशा वेळी कुणीतरी पोक्त माणूस म्हणतोच, जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर जगत नाही. आमच्याकडेही म्हणाला. काकू आतून म्हणाली, "मला रोह्याहून उपटून इथे लावली तेव्हा कुणी मीटिंग घेतली नव्हती."

सगळे गप्प झाले. खरंच होतं ते. तिच्या पिढीच्या प्रत्येक बाईने जन्माचं घर एकदा सोडलेलंच असतं, तेही इतरांनी ठरवलेल्या मुहूर्तावर. घर सोडणं तिला नवीन नव्हतं. या वेळचा मुहूर्त तिला स्वतः काढायचा होता, एवढंच. आम्ही मात्र तिचा नकार ऐकून तिचं वाडीवर किती प्रेम आहे, यावर गहिवरत होतो.

त्या पावसाळ्यानंतर तिने पोफळीची रोपं आणवली. आधी पश्चिमेच्या अंगाला केळी लावून घेतल्या, कारण पोफळीला तिकडचं ऊन सोसत नाही, खोड भाजतं. वादळातून वाचलेल्या पोफळींचंसुद्धा शेजारच्या सावलीवाचून तेच होत होतं. पोफळ धरायला सहा-सात वर्षं तरी लागतात. दादाने तेवढा हिशेब बोलून दाखवला. ती म्हणाली, "तोवर माझी बदली करू नका." तो हसला, पण मुदत ठरली होती.

नंतर तिने एकेक काम स्वतःच खाली ठेवलं, आणि ते आम्हाला उशिराच कळत गेलं. माळ्यावर जाणं थांबलं. विहिरीवरचं पाणी शेजारची मुलगी भरू लागली. दोनदा दूध उतू गेल्यावर तिने स्वतःच दूध तापवायचं काम त्या मुलीकडे दिलं. आमच्यापैकी कुणी विचारलं असतं तर तिने कानावर हात ठेवले असते.

गेल्या दिवाळीत फराळाचं आवरून झाल्यावर तिने दादाला विचारलं, "ठाण्याच्या तुझ्या न्हाणीत बसून आंघोळ करता येते का रे?" वहिनी काही बोलणार होती, दादाने तिला खुणेने थांबवलं. तो म्हणाला, करून घेऊ, दगडी पाटसुद्धा बसवू. "दगडी नको, थंडीत गार पडतो. लाकडी. आणि नळ उजव्या हाताला घे, डावा खांदा वर होत नाही." मग कौलं परतायला यंदा माणूस कुणाचा सांगायचा, यावर ती बोलू लागली. मे महिन्यात ते काम आपल्या देखत झालं पाहिजे, त्यानंतरचं त्यानंतर. दादाने मोबाईल काढून न्हाणीची मापं लिहून घेतली, पाटाची उंची तिने हाताने दाखवली आणि दोनदा बदलली.