विमानप्रवास आणि केशभूषेचीं यंत्रें

पुण्यांतील लोहगांवच्या विमानतळावर परदेशीं निघालेल्या लेकी-सुनांच्या पेटींत हल्लीं केंस वाळविण्याचें किंवा कुरळे करण्याचें यंत्र हटकून आढळतें. आम्ही न्यूयॉर्कास गेलों तेव्हां आमच्या सूनबाईंनींही तें बरोबर घेतलें होतें. तेथील बिऱ्हाडीं तें नुसती कोमट फुंकर घालीत राहिलें! कारण उघड आहे. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, तेथील १२० ची. त्यामुळें उष्णता सुमारें चौथाईच मिळते. प्लगचा आकार जुळविणारा जोड विजेचा दाब बदलीत नाहीं. परततांना नणंदेसाठीं तिकडचें यंत्र घेण्याचा सूनबाईंचा बेत आम्हीं मोडला. कारण केवळ १२० चें यंत्र पुण्याच्या विजेवर साडेतीनपटींहून अधिक वीज ओढूं लागतें, जळतें, प्रसंगीं घरास आग लागते. यंत्रावर ‘१००–२४०’ असा आंकडा असेल तर मात्र तें दोहींकडे चालतें. गॅसवर तापणारें यंत्र असल्यास तें माणशीं एकच, तापणाऱ्या भागावर झांकण घट्ट बसवून न्यावें. गॅसच्या सुट्या नळ्या विमानांत मुळींच चालत नाहींत. वाचकभगिनींनीं पेटीला कुलूप लावण्यापूर्वीं यंत्रावरील बारीक अक्षरें एकदां अवश्य वाचावीं.