नाणेघाटाचा आकडा

आमचा नातू परवा आयपीएलचा सामना बघता बघता आपल्या मित्राला फोनवर सांगत होता, "अरे, ऑड्स फिरले, फेवरिट बदलली!" मग माझ्याकडे वळून दयाळूपणे म्हणाला, "आजोबा, तुम्हांला नाही कळायचं ते." हल्लीच्या नातवंडांचा हाच एक दोष आहे. आपण जन्मायच्या आधी आजोबा नुसते भीमरूपी म्हणत बसले होते, असे त्यांना वाटते. वास्तविक या विषयातले माझे शिक्षण ऑक्टोबर १९८१ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, जुन्नर-घाटघर या यष्टीच्या शेवटच्या बाकावर पुरे झाले आहे. शेवटच्या बाकावर जे शिकतो ते माणूस जन्मभर विसरत नाही. तिथे प्रत्येक खड्डा मुद्दा पक्का करून देतो.

माझे गुरू म्हणजे आमचे धाकटे मामा. मामा परळला एका गिरणीत साचेवाले होते. अंगाने काटक, बोलायला मोकळे आणि स्वभावाने इतके आशावादी की, पुढच्या महिन्यात आपण चाळीतली खोली सोडून दादरला ब्लॉक घेणार, हे ते पंधरा वर्षे सांगत होते. मी तेव्हा जुन्नरला गणिताचा मास्तर होतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मामा अचानक दारात उभे राहिले. हातात मिठाईचा पुडा. मामा आणि मिठाई! माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघून आत गेली. नवऱ्याचा मामा न कळवता आणि मिठाई घेऊन आला, तर तो काहीतरी मागायला आला आहे, हे बायकांना पंचांगात न बघता समजते.

पण मामा काही मागेनात. दोन दिवस नुसते पान खात ओट्यावर बसले. शेवटी मी म्हटले, "मामा, चला, तुम्हांला नाणेघाट दाखवतो. घाटघरपर्यंत गाडी जाते."

"घाटघर? ते तर तिकडे भंडारदऱ्याच्या बाजूला ना?"

"ते अकोले तालुक्यातलं. आपलं हे जुन्नर तालुक्यातलं."

"दोन घाटघर? मग बरोबर घाटघरला पोचण्याला भाव काय?" मामांनी विचारले. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

गाडी सुटली. मामांनी आधी यष्टीचा नंबर बघितला, मग तिकिटाचा, मग कंडक्टरच्या बिल्ल्याचा. तिन्हींची मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाले, "पंजा." मी म्हटले, "काय पंजा?" आणि शिकवणी सुरू झाली.

"हे बघ. तीन पत्ते काढायचे. चित्रं नाहीत, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. दश्शी म्हणजे शून्य. समज, निघाले तीन, पाच नि सहा. झाला पाना. बेरीज किती?"

"चौदा."

"त्यातला एक टाकून दे. उरला चौका. हा ओपन. रात्री नऊला फुटतो. मग बाराला पुन्हा तीन पत्ते. समज, बेरीज आली वीस. क्लोजला मिंडी. जोडी झाली चाळीस."

"मिंडी म्हणजे?"

मामांनी माझ्याकडे कीव करून बघितले. "मास्तर ना तू? मिंडी म्हणजे शून्य."

मी पोरांना आठ वर्षे शून्य शिकवत होतो. कित्येकांच्या वह्यांवर स्वतःच्या हाताने काढतही होतो. पण त्याचे पाळण्यातले नाव मला ठाऊक नव्हते. पुढे कळले की, गुजरातीत शून्याला मींडू म्हणतात. शून्य शेअरबाजारातून आले काय आणि कापूसबाजारातून आले काय, हाती पडते तेवढेच.

ओपन आणि क्लोज हे शब्दही कापसाचेच. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा उघडताना काय भाव आणि मिटताना काय भाव, हे मुंबईत तारेने यायचे आणि त्यावर इथले लोक पैसे लावायचे. त्या बिचाऱ्या अमेरिकन कापसाला याची कल्पनाही नसेल. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. आता उघडायला नि मिटायला काहीतरी हवे, म्हणून १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीला आपला खेळ सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने दुसरा. आधी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढत, म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव तेच राहिले. आपल्याकडे संस्था अशाच चालतात.

"आणि लागला तर?" मी विचारले.

"सिंगलला रुपयाला नऊ. जोडीला रुपयाला नव्वद. आपण लावणार, तो खाणार. म्हणून त्याला खायवाल म्हणायचं."

इतका प्रामाणिक शब्द मी दुसऱ्या कुठल्याही धंद्यात ऐकलेला नाही. बँकवाला स्वतःला बँकवाला म्हणवतो, वकील वकील म्हणवतो. हा गृहस्थ पहिल्याच भेटीत सांगतो की, मी खाणार आहे.

मी गणिताचा मास्तर. राहवेना. म्हटले, "मामा, आकडे दहा. म्हणजे तुमचा आकडा दहांत एकदा येणार. दहा रुपये लावाल तेव्हा नऊ परत मिळतील. जोडीचंही तेच, शंभराला नव्वद. दहा टक्के त्याचे, कायमचे."

"ते सगळ्यांना माहीत आहे," मामा शांतपणे म्हणाले. "दहा टक्के त्याचे. पण झोपताना उशाशी एक आकडा असतो, तो कुणाचा?"

याला गणितात उत्तर नाही.

नातवाच्या भाषेत या दहा टक्क्यांना 'हाऊस एज' म्हणतात. मी नंतर हिशेब करून पाहिला. युरोपातल्या रुलेटच्या चाकाला सदतीस घरे असतात आणि बरोबर घराला पस्तिसास एक असा भाव मिळतो. म्हणजे घरमालकाचे पावणेतीन टक्केही होत नाहीत. काळा सूट घालून मोंटे कार्लोत बसणाऱ्या लक्षाधीशाला जुगार परळच्या साचेवाल्यापेक्षा जवळजवळ चौपट स्वस्त पडत होता. गरिबाला सगळेच महाग मिळते, त्यात आशाही आली.

घाटघर आले. भाताची कापणी चालली होती. डावीकडे जीवधन उभा होता आणि त्याच्या टोकाला वानरलिंगीचा सुळका. "हा एक्का," मामा म्हणाले. पुढच्या वाटेवर एक म्हातारबाबा विळा बाजूला ठेवून झाडाखाली बसले होते. आम्हीही टेकलो. मी झाडाकडे बघून म्हटले, "हिरडा का हो, बाबा?"

"नाय, ह्यो ब्याहडा. हिरडा इकत्यात. ब्याहड्याच्या बिया पोरं खेळत्यात."

आता विद्वत्ता दाखवायची माझी पाळी होती. मी सांगितले की, वेदकाळचे फासे बेहड्याच्याच फळांचे असत. ऋग्वेदात एक अख्खे सूक्त जुगाऱ्यावर आहे. त्यात त्याची बायको त्याला सोडून गेली आहे, सासू तोंड बघत नाही आणि तो तरी पुन्हा फाशांकडे निघाला आहे. शिवाय कृत, त्रेता, द्वापर, कली ही नुसती युगांची नावे नव्हेत, फाशांच्या दानांचीही आहेत. कृत म्हणजे चार, त्रेता तीन, द्वापर दोन आणि कली एक.

मामांनी खाली पडलेली दोन बेहडे उचलून हातात खेळवली. "म्हणजे सध्या एक्का चालू आहे म्हण की."

बायको सोडून गेल्याचा भाग मी उगाच सांगितला, असे मला मामांच्या तोंडाकडे बघून वाटले.

बाबांना यातले काही नवल वाटले नाही. ते म्हणाले, "आमचं तसंच की. जूनात आवण लावायचं. पाऊस दसऱ्याला उघाडला तर भात आपलं. कापणीत आला तर त्याचं."

"आणि भाव?" मामांनी विचारले.

"भाव कापणीनंतर. यापारी सांगल त्यो."

"म्हणजे आधी लावायचं आणि भाव मागनं कळणार?" मामा थक्क झाले. "बाबा, आमचा खायवाल बरा!"

नाणेघाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातून माल घेऊन वर येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेत, ती यात टाकत असे सांगतात. मामांनी रांजणाला एक प्रदक्षिणा घातली. आत वाकून पाहिले. हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मटका!"

"मामा, ही जकात आहे."

"तेच ते. बैल चढो का पडो, माल खपो का न खपो, याचा भाग आधी. खायवालच."

खाली लेण्यात आम्ही उतरलो. एके काळी तिथे सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे आहेत. खेळणारे उठून गेले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख. कुठले कुठले यज्ञ केले आणि त्यांत काय काय दान दिले, त्याची यादी. त्यात अश्वमेधही आहे. मामांना मी अश्वमेध समजावून सांगितला. "एकच घोडा धावतो?" ते म्हणाले. "मग त्याच्यावर भाव कोण देणार?"

आणि इथे माझ्या तोंडून तो शब्द गेला. मी म्हणालो, "मामा, या लेखातले आकडे फार महत्त्वाचे आहेत."

मामा भिंतीला चिकटलेच. "आकडे?"

"म्हणजे अंकचिन्हं हो. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांतली. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी त्यांचा अभ्यास केला. यात शून्याचं चिन्हच नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी."

"मिंडी नाही?" मामा हळहळले. "पण आकडे काय आहेत ते सांग."

मी वाचलेले आठवून सांगितले. गायी १७००. कार्षापण २४,४००. मामांचे ओठ हलले. "एक नि सात आठ. अठ्ठा ओपन. दोन, चार, चार, दहा. क्लोजला मिंडी. जोडी ऐंशी! अरे, दोन हजार वर्षं हा आकडा भिंतीवर लिहून ठेवलाय आणि एकानं लावला नाही!"

परत वर आलो. रांजणापाशी वारा फार होता. मामा बराच वेळ खाली कोकणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाच्या, जरा कटिंग करायचं होतं."

"चहा घाटघरला मिळेल, मामा."

"तसं नव्हे रे. खायवालाकडे एकाच आकड्यावर पैसा फार जमला आणि तो त्याला पेलेना, तर तो थोडा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. त्याला कटिंग म्हणतात." ते थांबले. "तुझ्या मामीच्या पाटल्या सावकाराकडे आहेत. तिला वाटतं, मी उजळायला दिल्यात. दिवाळी झाली, आता लग्नसराई येईल. तीनशे लागतात."

दोन दिवस ओट्यावर बसून मामा हे एक वाक्य जुळवत होते. आणि शेवटी ते त्यांना मटक्याच्या भाषेतच सापडले. तीनशे रुपये मी बायकोच्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवले होते.

त्या संध्याकाळी जुन्नरात आम्ही दोघांनी एका टपरीच्या मागे दोन-दोन रुपये ऐंशीच्या जोडीला लावले. होय, मीही लावले. लागली असती तर मिळून तीनशे साठ होणार होते. पाटल्या सुटून वर साठ. दहा टक्क्यांचा हिशेब सकाळी मीच केला होता, आणि रात्री उशाशी आकडा घेऊन मीच जागा होतो.

सकाळी निकाल कळला. ओपनला मिंडी, क्लोजला अठ्ठा. शून्य आठ!

"पलटी!" मामा कपाळाला हात लावून म्हणाले. "तू भिंत उलटी वाचलीस!"

मी बायकोला सगळे सांगितले. दोन रुपये सोडून. तिने डबा उघडला, तीनशे मोजले आणि माझ्या हातात न देता थेट मामांच्या हातात दिले. "मामींना द्या," एवढेच म्हणाली. मामांनी नोटा मोजल्या नाहीत. गाडी सुटेपर्यंत माझ्या मनात एकच विचार होता, हे पैसे लालबागला पोचेपर्यंत वाटेत टपऱ्या किती?

पंधरा दिवसांनी मामीचे कार्ड आले. इकडचे तिकडचे लिहून शेवटी होते, "पाटल्या छान उजळून आल्या."

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसांनी एकाच आकड्यावर सगळे लावले होते. त्या पाटल्या पावसाळ्यात मोडल्या, पण या वेळी मामीने स्वतः मोडल्या, मामांना बरोबर घेऊन. मामांचा मटका मात्र सुटला. उपदेशाने नव्हे, लावायला रुपयाच उरला नाही. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झालेच नाही. ओपन फुटला, त्याचा क्लोज अजून यायचा आहे.

मामा गावी जाऊन भाजी विकू लागले. मला दर दोन-तीन महिन्यांनी पाच रुपयांची, कधी दहाची मनीऑर्डर यायची. मी लिहिले, मामा, पैशांची गरज नाही. उत्तर नाही, मनीऑर्डर चालूच. बायको वहीत मांडून ठेवी. आठ वर्षांनी शेवटची पाच रुपयांची आली तेव्हा तिने बेरीज केली. बरोबर तीनशे.

मनीऑर्डरच्या चिठोऱ्यावर मामा नेहमी 'सर्व कुशल' लिहीत. त्या दिवशी एकच शब्द होता. क्लोज.