फेकून दे, नवा घे!

मित्रहो, पोस्ट लांब आहे, पण आपल्याच गावाची आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळीच्या आधी आईने माळा आवरायला लावला. एक मोडका पंखा, माझ्या डिप्लोमाच्या वह्या आणि सगळ्यात मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात आमचा जुना व्हिडीओ गेम. टीव्हीला जोडायचा. १९९४ साली वडिलांनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. दोन रिमोट, एक बंदूक, तीन कॅसेटी.

चाळिशी ओलांडलेल्यांना जास्त सांगायला नको. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा गेम. कॅसेटवर छापलेलं '९९९९९९९ इन १', आणि आत तेच सात-आठ गेम नावं बदलून. ज्यांच्या घरी नव्हता ते स्टँडमागच्या दुकानात तासाला पाच रुपये देऊन खेळायचे. लाईट गेली की पैसे बुडाले.

मूळ यंत्र जपानचं. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ ला 'फॅमिकॉम' बाजारात आणला. त्याच्या नकला तैवान, हाँगकाँग, चीनमधून जगभर गेल्या, तशा आपल्याकडेही आल्या. आपली अख्खी पिढी नकलेवर वाढली, पण मजा अस्सल होती.

माझी मुलगी सहावीत आहे. म्हणाली, "बाबा, हे चालतं का अजून?" झालं. आता बापाची इज्जत पणाला लागली. खोक्यात अडॅप्टर नव्हता. मी वायफायच्या डब्याचा काढला, पिन बरोब्बर बसली, बटण दाबलं. टप् असा आवाज आला आणि घरभर जळका वास. मुलगी काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकला. पाच मिनिटांत बावीस सल्ले. एक म्हणे कॅसेटला फुंकर मार. एक म्हणे तांदळात ठेव (अरे, तो जळलाय, भिजला नाही!). एक म्हणे मोबाईलवर एमुलेटर टाक, सगळे गेम फुकट. आणि उरलेल्या सगळ्यांचं एकच, "फेकून दे रे. ऑनलाईन नवा मिळतो, चारशे गेमवाला." अडॅप्टर कोणता लावलास, हे बावीस जणांत एकानेही विचारलं नाही.

ते विचारलं आपल्या जुन्या बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वय सत्तरीकडे, आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केलेले. एके काळी दुकानासमोर टीव्हींची रांग असायची, आता दिवसाला एखादा मिक्सर येतो. मी खोका पुढे केला, त्यांनी तो उघडलाही नाही. "अडॅप्टर दाखव आधी."

दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि माझी शिकवणी घेतली. "हा बारा व्होल्टचा. तुझ्या गेमला नऊ लागतात, खाली लिहिलंय बघ. बरं, व्होल्ट एक वेळ सोड. हे गोल चिन्ह दिसतंय? याच्या पिनेच्या मध्ये प्लस आहे. तुझ्या गेमला मध्ये मायनस हवा. तू उलटा करंट घातलास. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं रे."

मग खोका उघडला. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा एक तुकडा असतो. बाहेरून आलेल्या नऊ व्होल्टचे तो पाच करतो आणि पुढे देतो. तो गेला होता, शेजारचा कपॅसिटर फुगला होता. दोन्ही बदलले. पार्ट वीस-पंचवीस रुपयांचे. मग त्यांनी पाटीच्या मधोमध असलेला काळ्या डांबरासारखा ठिपका दाखवला. "अख्खा गेम याच्या खाली आहे. हा जळला असता तर मी काय, कोणीच काही करू शकला नसता. नशीब तुझं."

कॅसेटीचे पितळी दात त्यांनी स्पिरिटच्या कापसाने पुसले. फुंकर का मारायची नाही, तर तोंडातली वाफ दातांवर बसते आणि ते गंजतात. तीस वर्षं आपण सगळे चुकीचंच करत होतो.

अडॅप्टर मात्र त्यांच्याकडे नव्हता. म्हणाले, "भंगारात मिळेल, चल." आणि ही पोस्ट ज्यासाठी लिहितोय ते इथून पुढे आहे.

बायपासच्या पलीकडे, ओढ्याच्या कडेला जे भंगाराचं आवार आहे तिथे गेलो. काकांनी अडॅप्टरच्या ढिगात हात घातला आणि दहा मिनिटांत नऊ व्होल्टचा, मध्ये मायनसवाला शोधून काढला. तोवर मी इकडेतिकडे बघत होतो. कोपऱ्यात पांढरी पोती रचलेली होती. पोत्यांवर हिरवे स्टिकर. ते स्टिकर मी ओळखले.

दोन वर्षांपूर्वी आपल्या गावात ई-कचरा गोळा करायची मोहीम झाली होती. फीत कापली, फोटो झाले, मुलांनी घोषणा दिल्या. बातमी मीच केली होती. चार कॉलम, रंगीत फोटो. आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर आणि वडिलांचा रेडिओही आईने त्याच मोहिमेत दिला होता, मी सांगितलं म्हणून. हा सगळा माल 'शास्त्रोक्त पद्धतीने' नष्ट होणार, असं मी लिहिलं. कुठे, कोणाकडे, हे विचारलं नाही. आयोजकांनी कागद दिला, मी तो उतरवून काढला.

ती पोती तिथे होती. त्यांच्या मागे दोन पोरं वायरी जाळत होती, आतलं तांबं काढायला. थोरला फार तर चौदाचा. वायरीच्या प्लास्टिकचा धूर साधा नसतो, त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात. फोडलेल्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, पाट्यांवरच्या जुन्या झाळणातही असतं. आणि शेजारी ओढा, जो पुढे आपल्याच विहिरींकडे जातो. पोराला विचारलं, तोंडाला रुमाल का नाही बांधत? म्हणाला, "दादा, घाम येतो."

मालकाशी बोललो. तो चिडला नाही. म्हणाला, "मला विकत आलं, मी घेतलं. तुम्ही फुकट दिलं होतं ना?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

घरी येऊन नियम वाचले. ते मोहिमेच्या वेळीच वाचायला हवे होते. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ चे, लागू १ एप्रिल २०२३ पासून. यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. टीव्ही, मोबाईल, मिक्सरच काय, खेळणीसुद्धा. हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. त्यांची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असते. घरच्या कचऱ्यात मिसळून येणारा ई-कचरा वेगळा करून तिथे पोहोचवायची जबाबदारी शहरातल्या स्थानिक संस्थांवर आहे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं धरली. वर्षअखेर पोर्टलही आलं. चांगलंच आहे. पण कायदा हक्क देईल, तो हक्क वापरायला गावात हात कुठून आणणार? काकांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. दुकान त्यांच्याबरोबर बंद होणार, हे त्यांनीच मला सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, उद्या पाऊस येईल असं सांगावं तसं.

मी संबंधित कार्यालयात गेलो. मोहिमेतला माल कोणत्या रिसायकलरला दिला, त्याची पावती मागितली. "शोधावी लागेल" असं उत्तर मिळालं. माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, तीस दिवसांची मुदत आहे. पेपरात या विषयाच्या चार ओळी छापून आल्या. मोहिमेची बातमी चार कॉलम होती, म्हणून बाकीचं इथे लिहितोय. आणि हो, त्या जुन्या बातमीबद्दल मी आपल्या सगळ्यांची माफी मागतो. माझ्या शब्दावर अनेकांनी घरातल्या वस्तू आणून दिल्या होत्या.

'फेकून दे' हा सल्ला वाईट मनाने कोणी देत नाही. मीही दिलाय. पण फेकलेलं कुठे पडतं हे बघायची वेळ सल्ला देणाऱ्यावर येत नाही, त्या चौदा वर्षांच्या पोरावर येते.

म्हणून तीनच विनंत्या.

एक, जुनी वस्तू लावण्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. व्होल्ट आणि ते गोल चिन्ह, दोन्ही.

दोन, फेकण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवा. नाही झाली तर नाही, विचारायला काय जातं?

तीन, ई-कचरा द्याल तिथे पावती आणि रिसायकलरचं नाव मागा. फोटोला उभं राहण्याआधी मागा. हे मी स्वतःला जास्त सांगतोय.

रविवारी संध्याकाळी मुलीला घेऊन काकांच्या दुकानात गेलो. बंदुकीचा गेम आमच्या घरच्या एलईडीवर चालत नाही. चाप दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तेवढ्यात वेळ टळते. काकांकडे एक डब्बा टीव्ही अजून चालू आहे. मुलीने पहिल्या फेरीत सहा बदकं पाडली. मग काकांनी बंदूक हातात घेतली. इतकी वर्षं ही यंत्रं दुरुस्त केली, पण खेळायला कधी बसलोच नाही, म्हणाले. दोन पाडली. परत एकदा लाव म्हणाले.

गावात अजून कोण कोण दुरुस्ती करतं? रेडिओ, मिक्सर, मोबाईल, शिलाई मशीन, काहीही. दुकान कुठे आहे ते कमेंटमध्ये लिहा. यादी करून पुढच्या आठवड्यात टाकतो. माहिती अधिकाराचं उत्तर आलं की तेही इथेच टाकीन, जसं असेल तसं.