कूळ लागण्याची भीती आणि न केलेला कागद

पेण-रोह्याकडच्या घरमालकाच्या मनात एक भीती बापजाद्यांपासून चालत आली आहे : खोली दिली तर कूळ लागेल. सल्ल्याला येणारा माणूस खुर्चीत बसता बसता हाच प्रश्न विचारतो. माझी बहुतेक कामं पेणच्या आणि रोह्याच्या दिवाणी न्यायालयांत चालतात. तिथे मालक हरलेले जे दावे मी पाहिले, त्यांतले बरेच या भीतीपोटी कागद टाळल्यामुळेच हरले.

भीतीचं मूळ शेतात आहे. पेणच्या खारेपाटाला लागूनच अलिबाग तालुक्यातलं चरी. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेतं न कसण्याचं ठरवलं. पंचवीस गावं संपात उतरली आणि उपासमार सोसून १९३९ पर्यंत टिकली. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळं कायद्याने जमीनमालक ठरली. जे झालं ते न्यायाचंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या घरांची शेतं गेली, त्या घरांत ‘दुसऱ्याला आत घेतलं की गेलं’ हा धडा मुलांना मिळाला आणि शेतातली भीती माजघरात येऊन बसली.

शेतापुरती ती आजही खरी आहे. कूळकायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस घरचा, पगारी गडी किंवा गहाणदार नसेल, तर कूळ मानला जातो. मुंबईत नोकरी करणारे भाऊ शेजाऱ्याला ‘तू पीक घे, आम्हाला चार मण तांदूळ दे’ असं तोंडी सांगून मोकळे होतात. पुढे वाद उठला, की तो माणूस कूळ आहे की नाही हे दिवाणी न्यायालय ठरवू शकत नाही, तो प्रश्न तहसीलदाराकडे जातो. तिथे तलाठ्याच्या पीकपाहणीतली एक नोंद दहा साक्षीदारांना भारी पडते.

घराचं तसं नाही. घरातल्या भाडेकरूला कूळकायदा लागत नाही. ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ हेही चूक आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, त्यामुळे नुसत्या मुदतीने त्याचा ताबा मालकाविरुद्धचा ठरत नाही. ज्याच्याकडून जागा घेतली त्याचीच मालकी भाडेकरूपण चालू असताना नाकारायला पुराव्याचा कायदा मनाई करतो.

मग मालक अडकतो कुठे? अकरा महिन्यांच्या कागदात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळायला अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर करायचा आणि नोटरीचा शिक्का मारून घ्यायचा, ही रीत पडली. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून मोठा फटका वेगळाच आहे : लेखी नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं आणि ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो.

रोह्यातल्या एका आजींचं उदाहरण सांगतो. धाटावच्या एमआयडीसीत कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने त्यांच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. कागद काहीच नाही. खोल्यांत माणसं बदलत राहिली. ठेकेदाराने भाडं थकवलं आणि मग म्हणू लागला, ठरलेलं भाडं निम्मंच होतं. आजींकडे होती ती शाळेची दोनशे पानी वही. प्रत्येक महिन्याला तारीख, रक्कम, कुठल्या खोलीचं आणि पैसे देणाऱ्याची सही. काही पानांवर अंगठे, एका पानावर हळदीचा डाग. बऱ्याच महिन्यांच्या सह्या ठेकेदाराच्या स्वतःच्या होत्या, पूर्ण रकमेखाली. त्या वहीने आजींना तारलं. मात्र भाड्याची पावती देणं हेही कायद्याने मालकाचं काम आहे, ते वहीने भागत नाही.

पेणला प्रश्न निराळे. गणपतीच्या कारखान्यांना जागा लागते आणि मोकळी जागा द्यायला मालक कचरत नाहीत. भाडेकरू तिथे पत्र्याची शेड उभारतो. भाडेनियंत्रण कायद्यातली ‘जागा’ म्हणजे इमारत किंवा तिचा भाग. नुसती मोकळी जमीन त्यात येत नाही, तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. उलट काही ठरलेलं नसेल तर शेड भाडेकरूची, जाताना तो उचलून नेऊ शकतो. नोटीस किती दिवसांची, हाही वाद उभा राहतो : महिनेवारी भाड्याला पंधरा दिवसांची पुरते, उत्पादनासाठी दिलेल्या जागेला सहा महिन्यांची लागते. मूर्ती घडवणं हे उत्पादन की कला, यावर न्यायालयात तास घालवण्यापेक्षा करारात दोन ओळी लिहाव्यात. गावाकडच्या घरांबाबतही आधी पाहावं, की भाडेनियंत्रण कायदा तिथे लागू आहे का. अनुसूचीतली शहरं आणि पूर्वीपासून नियंत्रण असलेले भाग सोडले, तर तिथेही १८८२ चाच कायदा.

जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंबाबत मालक सर्वांत जास्त चुका करतात, आणि त्या रागाच्या भरात. भाडं तीस-चाळीस रुपये, म्हणून मनीऑर्डर परत पाठवतात. ‘घेतली तर हक्क मान्य केल्यासारखं होईल’ असं त्यांना वाटतं. परिणाम उलटा होतो, कारण भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. थकबाकी असेल तर लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं. दरवर्षी चार टक्के वाढ घ्यायची मुभा २००० सालापासून आहे, ती बहुतेकांनी कधी मागितलेलीच नाही. स्वतःला जागा हवी असेल तर वाजवी आणि प्रामाणिक गरज दाखवून दावा लावता येतो. मात्र अडचण कोणाची मोठी, हे न्यायालय तोलतं. भाऊबंदांची सामाईक मालकी असेल तर एकटा सहहिस्सेदारही दावा लावू शकतो, बाकीच्यांची हरकत नसेल तर. ‘सगळे एकत्र येईपर्यंत थांबू’ म्हणत वाडे पडले आहेत.

आणि कुलूप बदलू नका. नळ, वीज तोडू नका. सबळ कारणाशिवाय आवश्यक सोयी बंद करणं हा भाडेनियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे. जबरीने बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात तुमची मालकी विचारातच घेतली जात नाही. घर तुमचंच असताना हुकूमनामा त्याच्या बाजूने होतो.

राहण्यासाठी दिलेल्या जागेचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर मार्ग कितीतरी सोपा आहे. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल तर दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो, करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरला जातो आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. दुकानाच्या गाळ्याला ही सोय नाही, हे व्यापारी मंडळींनी ध्यानात ठेवावं.

हा करार आता ऑनलाइन नोंदवता येतो. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत एक हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे, मुद्रांक वेगळा. भाऊबीजेला सगळे घरी जमतील तेव्हा भाड्याने दिलेल्या खोल्यांचे कागद बाहेर काढून पाहा. ज्यांचे नोंदलेले नाहीत ते नोंदवून घ्या, आणि नव्या भाडेकरूला चावी नोंदणी झाल्यावरच द्या.