वस्तादाची वही

सेवानिवृत्त झाल्यापासून पहाटे फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे. आमच्या रेणापुरातील रेणुकादेवीचे दर्शन घेऊन मी परत निघतो, तेव्हा वाटेत पत्र्याच्या छपराची एक तालीम लागते. आत तांबड्या मातीच्या हौदात दहाबारा मुले घुमत असतात आणि हौदाच्या कडेला, एक पाय किंचित ओढत चालणारा एक मनुष्य त्यांच्यावर नजर ठेवून असतो. गाव त्याला वस्ताद म्हणते. मी मात्र त्याला हजेरीपटावरील नावानेच हाक मारतो. कारण तो माझा विद्यार्थी होय.

शाळेत तो अभ्यासात बेताचाच होता. पण अंगाने चपळ आणि मनाने निर्मळ. मुलांनो, येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून मी वेळापत्रकातील खेळाचा तास कितीदा तरी गणिताला देऊन टाकीत असे. तसे झाले की या मुलाचे तोंड उतरे. मला त्याचे हसू येई. आज ते आठवले की हसू येत नाही.

पुढे तो कुस्तीसाठी कोल्हापुरास गेला. चार वर्षांत त्याचे नाव आसपासच्या जत्रांतून होऊ लागले. एका जत्रेत त्याची शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती लागली होती. गावातील प्रतिष्ठित म्हणून मलाही व्यासपीठावर बसविले होते. तो फडात उतरला तेव्हा त्याचा उजवा गुडघा सुजलेला मला स्पष्ट दिसला. हलगी कडाडत होती, लोक आरोळ्या देत होते. त्याने एकदा वर, आम्हां वडीलधाऱ्यांकडे पाहिले. ‘आज नको’ असे म्हणणारा एकजण तरी त्याला हवा होता. आमच्यापैकी कोणीही बोलले नाही. मी तर टाळ्या वाजविल्या. पाचव्या मिनिटाला त्याच्या गुडघ्यातील बंध तुटला आणि चौघांनी त्याला उचलून बाहेर आणले.

सहा महिन्यांनी तो काठी टेकीत माझ्या ओसरीवर आला. “गुरुजी, आता माझा काय उपयोग?” एवढेच तो बोलला.

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. मग मी त्याला रमाकांत आचरेकरांची हकीकत सांगितली. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. स्टेट बँकेतील नोकरी सांभाळून ते मुंबईच्या शिवाजी पार्कवर मुलांना क्रिकेट शिकवीत. फलंदाजाच्या यष्टीवर ते एक रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने बाद केले तर नाणे गोलंदाजाचे, नाही तर फलंदाजाचे. सचिन तेंडुलकर याच हाताखाली घडला. मग मी त्याला आपल्याच जिल्ह्यातील माणसाची आठवण दिली. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पण स्वतःची कुस्ती थांबल्यावर ते थांबले नाहीत. पुण्यास तालमीत राहून त्यांनी मुले घडविली.

“ते मोठे लोक, गुरुजी,” तो म्हणाला, “पण शिकविणाऱ्याचे पोट कशावर चालते?”

प्रश्न खरा होता. नुसत्या जिद्दीने चूल पेटत नाही. त्याने आधी राहिलेली पदवी पुरी केली, मग शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. पतियाळाला १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय क्रीडासंस्था आहे. उसनवारी करून तेथील सहा आठवड्यांचा प्रशिक्षणवर्गही त्याने केला. दिवसा एका खाजगी शाळेत नोकरी, पहाटे आणि सायंकाळी तालीम, असा त्याचा क्रम सुरू झाला. शाळेचा पगार तुटपुंजा, म्हणून घरी पिठाची गिरणी घातली. पालकांजवळ पैसे नसत तेव्हा ते ज्वारीचे पायली-दोन पायली आणून ठेवीत. तो तेही घेई. परंतु फुकट कोणालाच शिकवीत नसे. फुकट मिळालेल्या शिकवणीला पोरे दांड्या मारतात, असे त्याचे म्हणणे. हे मला पटले नव्हते, पण त्याची तालीम टिकली, हे खरे.

त्याच्याजवळ एक जाड वही आहे. प्रत्येक मुलाचे वजन, झोप, आहार, कोणता सांधा दुखतो, परीक्षा केव्हा आहे, हे सारे तीत लिहिलेले असते. डाव शिकविण्यापूर्वी तो पडावयाचे कसे ते शिकवितो. हौदात ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून माती मऊ ठेवण्याचे काम मुलांकडूनच करून घेतो. आता सायंकाळी मुलीही येतात.

चार वर्षे अशी गेली. मग तीच जत्रा पुन्हा भरली आणि या वेळी त्याच्या उत्तम शिष्याची कुस्ती शेवटची ठरली. आदल्या रात्री वहीत नोंद झाली होती : ‘डावा खांदा. हात वर जात नाही.’ सकाळी पंचांनी सांगून पाहिले, मग रागावून पाहिले. मुलाचा बापही गयावया करू लागला, कारण इनामाच्या रकमेत त्याचे कर्ज फिटणार होते. वस्ताद एकच वाक्य बोलत राहिला, “लेकरू उतरणार नाही.” मुलगा हौदाबाहेर बसून रडत होता. फडाच्या कडेला मी उभा होतो. या वेळी मात्र मी पुढे झालो आणि म्हणालो, “वस्ताद सांगतो तेच होईल.” उशीर झाला होता, पण बोललो.

त्या महिन्यात निम्मी मुले तालीम सोडून गेली. इनामाचे पैसे गेले म्हणून त्या बापाने दोन वर्षे याच्याशी भाषण केले नाही. गिरणी नसती, तर कुलूपच लागले असते.

एप्रिल २०१८ मध्ये एके सकाळी वस्ताद वर्तमानपत्र घेऊन माझ्या घरी धावत आला. पाय ओढतो हेही तो विसरला होता. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे याने ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनगटात सुवर्णपदक मिळविले होते. राहुल बिराजदारांचा शिष्य. बिराजदार २०११ सालीच निवर्तले. नंतर राहुलची तयारी काका पवारांनी पुढे नेली. “पेरणाऱ्याने पीक पाहिले नाही, गुरुजी,” असे म्हणून तो गप्प बसला. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

खांदा दुखावलेला तो मुलगा महाराष्ट्र केसरी वगैरे झाला नाही. तो पोलीस शिपाई झाला. सुटीत गावी आला की पहाटे तालमीत येतो. परवा मी गेलो, तेव्हा तो कुदळीने हौद उकरीत होता आणि वही त्याच्याच काखेत होती. एक लहानगा पाठ चोळीत लंगोट कसू लागला. शिपायाने कुदळ ठेवली, त्याची पाठ चाचपून पाहिली, वहीत काही लिहिले आणि त्याला हौदाबाहेर बसविले. वस्ताद कडेला उभा होता. तो काहीच बोलला नाही.